कुंकवाची जागा

यवतमाळ
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ताई,

पत्राच्या वर काय लिहायचं असतं ते मला येतं. पण तू माझा नमस्कार घेशील की नाही हे माहीत नसताना तो नुसता कागदावर ठेवून द्यायला मन होत नाही. म्हणून राखून ठेवला आहे.

फोन तू घेत नाहीस. तुझी सून उचलते. "मामाजी, आई देवळात गेल्या." दुसऱ्या खेपेला, "आई आंघोळीले गेल्या." निकिताला खोटं बोलता येत नाही, बिचारी दरवेळी आधी खोकते. मागच्या सोमवारी मी तीनदा फोन केला, तर तू तीनदा आंघोळ केलीस. म्हणून पत्र. चौथी शिकलेली आहेस आणि माझं अक्षर मोठं आहे. एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं गाड्यांच्या पाट्या रंगवल्या, दिग्रस आणि पुसद तर मी डोळे मिटूनही काढीन. धावत येणाऱ्या माणसाला वाचता यावं असं ते अक्षर आहे. तुला चष्म्याशिवायही जमेल.

मला एकच पाहिजे. तू माझ्याशी बोल. शिव्या दे, पण तुझ्या तोंडून ऐकू दे.

गुणवंतराव भाऊजी गेले त्या दिवशी बायका तुझ्याभोवती जमल्या होत्या आणि तू त्यांना जे म्हणालीस ते मी दारात उभा राहून ऐकलं. तेरवीला आलो तेव्हा तू आतल्या खोलीची कडी लावून घेतलीस. मी जेवलो आणि परत आलो. मयताच्या घरून उपाशी उठू नये म्हणून जेवलो, भूक होती म्हणून नाही.

त्या चित्राबद्दल तुला नीट सांगायचं आहे. तुला माहीत आहे, रिटायर झाल्यावर माझ्या हाताला चैन पडेना. घराचं फाटक चार वेळा रंगवून झालं तेव्हा गुल्हाने सरांच्या चित्रकलेच्या क्लासात नाव घातलं. क्लासात सगळी कोवळी पोरं, त्यांच्यात एकसष्ट वर्षांचा मी. पहिलं वर्ष वांगी आणि लोटे काढण्यात गेलं. मग सर म्हणाले, आता तैलरंगात चेहरा करा. चेहऱ्यासाठी बसणारं माणूस पाहिजे आणि माझ्यासमोर तीन तास कोण बसणार? तेव्हाच भाऊजींचं डायलिसिस सुरू झालं. बाभुळगावहून तुम्ही दर गुरुवारी येत होता. ते चार तास आत, तू चार तास बाहेर बाकड्यावर. मीच तुला म्हटलं, "ताई, बाकड्यावर बसतंच, तं आमच्या क्लासात खुर्चीवर बस." सहा गुरुवार बसलीस. शेवटच्या गुरुवारी पूर्ण झालेलं चित्र तू पाहिलंस, त्यात तुझ्या कपाळावर कुंकू होतं. शनिवारी प्रदर्शनात भाऊजींना घेऊन आलीस तेव्हा ते नव्हतं.

तिथल्या तिथं सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. रंग ओला होता. ऑटोतून नेताना वरची चादर घासली आणि नेमकं तेवढंच पुसलं गेलं. तैलरंग आठ-आठ दिवस वाळत नाही, लाल तर त्याहून जास्त. आमच्या क्लासातली अपेक्षा सोबत होती, तिला विचार.

उत्तराची वाट पाहतो. पाकिटात पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट ठेवलं आहे, म्हणजे तुला काही शोधावं लागणार नाही.

वामन


यवतमाळ
गुरुवार, २७ मार्च २०२५

ताई,

तुझं उत्तर नाही. पाकीट तरी वापरून टाक, त्यात हळद भर.

आज गुरुवार, क्लासातून आत्ताच आलो. तू बसायचीस ती निळी खुर्ची तिथंच आहे. आज तिच्यावर पाण्याची बादली ठेवली होती. मी ती काढून खाली ठेवली. पोरांना वाटलं म्हातारा नाराज झाला. झालोच होतो.

पहिल्या दिवशी तू क्लासात पाय ठेवलास आणि नाक वर केलंस ते आठवतं का? "वामन्या, हे तं जवसाच्या तेलाचा वास हाय." मी म्हटलं, हो, त्यातच रंग कालवतात. "मंग एवढ्या तेलात चटणी नसती झाली का?" सगळा क्लास हसला. गुल्हाने सरसुद्धा हसले, आणि ते फार कोणावर हसत नाहीत. मग तू पदर डोक्यावरून नीट घेतलास, हात मांडीवर ठेवलेस आणि फोटो काढणार असल्यासारखी ताठ बसलीस. दहा मिनिटांत घड्याळाकडे पाहायला लागलीस. भाऊजींची सुई निघायला अजून किती वेळ आहे, ते. मी दर वेळी ओरडायचो, "ताई, हालू नोको." तू म्हणायचीस, "तुह्यं काय जाते? तिकडं माह्यं माणूस मशिनीले बांधून हाय." पण पुन्हा तशीच बसायचीस. माझ्यासाठी बसायचीस. लहानपणी मला आई आठवत नव्हती इतकी लवकर ती गेली, तेव्हा तूच शेणानं सारवलेल्या ओट्यावर खडूनं क काढून माझा हात धरून तो गिरवून घेतलास. माझ्या प्रत्येक पाटीतला क तुझा आहे.

कुंकवाचं सांगतो. तू घरून लावून यायचीस ते मी सहा गुरुवार अगदी जवळून पाहिलं. निकिताच्या टिकलीसारखं ते नाही. आधी मेणाचा ठिपका, मग त्याच्यावर कुंकू, आरशात न पाहता, आणि तरी रुपयासारखं गोल. मी पाट्यांवर इतके शून्य काढले, पण तुझ्या कपाळावरचा तो गोल मला चार दिवस जमेना. खरवडायचो, पुन्हा काढायचो. शेवटच्या गुरुवारी जमला. तू पाहिलंस आणि म्हणालीस, "आता मीच वाटतो." बस, एवढंच.

अपेक्षाला विचार असं मागं लिहिलं होतं. विचारू नकोस. ती ऑटोत पुढं बसली होती, तिनं काही पाहिलं नाही.

पेपरात जे छापून आलं ते मी छापायला सांगितलं नव्हतं, एवढं तरी खरं मान. 'प्रथम क्रमांकाचे तैलचित्र "एकटी": वृद्ध विधवेचा चेहरा.' चित्राला नाव सरांनी दिलं आणि विधवा पेपरवाल्यांनी परस्पर ठरवली. नाव ऐकून, कपाळ पाहून त्यांनी दुसरं काय ठरवावं, हे मला तेव्हा सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दिग्रसहून भाऊजींच्या चुलत भावाचा फोन आला तो भाऊजींनीच उचलला. निकितानं मला सांगितलं. तो माणूस रडतच होता, कधी झालं, कसं झालं, आमाले कळवलं काहून नाही. भाऊजी म्हणाले, "अरे बाप्पा, मीच बोलून राह्यलो. अजून आहो." आणि हसले. तुझ्या पोराला, अक्षयलाही त्यांनी हसायला लावलं. तू म्हणे चुलीकडं तोंड करून बसून राहिलीस.

पुढच्या गुरुवारी तू क्लासात आली नाहीस. मीच दवाखान्यात गेलो. तू मला पाहून बाहेर निघून गेलीस. भाऊजी आत मशीनला लागले होते. मला वाटलं होतं की ते तोंड फिरवतील. त्यांनी मोकळ्या हातानं मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "साळेबुवा, चित्र झकास झालं. पण जराशी घाई केली तुमी."

ताई, तू मला मारलं असतंस तर बरं झालं असतं. ते वाक्य मी रोज ऐकतो. दात घासताना ऐकतो, भाजी आणायला जातो तेव्हा ऐकतो. त्यानंतर पाच आठवड्यांनी ते गेले. त्यांच्यासमोर मी नुसता हसलो होतो.

वामन


यवतमाळ
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५
राखी पौर्णिमा

ताई,

राखी आली नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं. त्यानं शेवटी सांगितलं, काका, आली तर मी स्वतः बांधीन. मी घरी आलो. आता जे लिहितो ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

चादर घासली नव्हती.

तू शेवटच्या गुरुवारी दोनच्या सुमारास दवाखान्यात परत गेलीस. चारला गुल्हाने सर चित्र पाहायला आले. एक डोळा मिटून पाहिलं, मग म्हणाले, "वामनराव, हा लाल ठिपका सगळं खाऊन टाकतोय. नजर तिथंच अडकते, डोळ्यांपर्यंत जातच नाही. काढा तो."

आमच्या डेपोत काय पद्धत होती ते तुला ठाऊक नाही. साहेब मागं येऊन उभे राहायचे. आर्णीचा र खाली आला, पुसा. नेरचा न बारीक झाला, पुसा. खांद्यावर रॉकेलचं फडकं असायचंच. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात फिरलेला असायचा. कारण पाच मिनिटं गेली की इनॅमल धरतं आणि मग सगळी पाटी पुन्हा करावी लागते. पुस म्हटलं की मी पुसतो, बत्तीस वर्षांत कधी का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशीही सर बोलले आणि माझा हात फिरला. टर्पेंटाईनचं फडकं, एकच हात. तुझं कपाळ कोरं झालं.

एवढंच असतं तर मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. सवयीनं झालं म्हणून तुझ्या पायावर डोकं ठेवलं असतं आणि तू एक टपली मारून सोडून दिलं असतंस. पण एवढंच नव्हतं. लाल रंग पॅलेटवर तयार होता, ब्रश हातात होता. पुन्हा लावायला किती वेळ लागला असता? मी मात्र दोन पावलं मागं सरलो आणि चित्राकडं पाहिलं. चेहरा उघडा झाला होता. घड्याळाकडं पाहताना तुझ्या डोळ्यांत जे यायचं, माणूस मशिनीला बांधून ठेवून इथं बसल्याचं, ते सगळं समोर आलं होतं. सहा गुरुवार मी त्याच्यामागं होतो आणि ते माझ्या हाती लागत नव्हतं. एका फडक्यानं आलं.

ताई, मला ते आवडलं. हेच मला सांगता येत नव्हतं. सरांनी सांगितलं म्हणून मी पुसलं, पण तसंच ठेवलं ते मला आवडलं म्हणून. माझी छाती फुगली. भाऊजी तीन चौक पलीकडं जिवंत होते, त्यांच्या नावाचं कुंकू मी पुसून उभा होतो आणि मनात म्हणत होतो की वामन्या, आता तू चित्रकार झालास. सर 'एकटी' म्हणाले आणि मी मान हलवली. शनिवारी तुम्ही दोघं येणार हे मला माहीत होतं. मीच आमंत्रण दिलं होतं. मध्ये अख्खा शुक्रवार होता आणि दिवसभर मी स्वतःला सांगितलं की ताई काय एवढं पाहणार आहे.

तू पाहिलंस. भाऊजींनी आधी पाहिलं. दंडावर डायलिसिसची पट्टी होती, बसच्या गर्दीत उभ्यानं आले होते आणि चेहरा असा उजळला होता की जणू त्यांच्याच मुलीचं लग्न आहे. चित्रापुढं आले आणि पाहत राहिले. मग तुझा हात धरला. माझ्या देखत त्यांनी तुझा हात कधी धरलेला मला आठवत नाही. तुझ्या कानाशी म्हणाले, "वच्छे, मी आहो ना अजून." त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. आणि मी पुढं होऊन ती चादरीची गोष्ट सांगितली.

ते गेले त्या दिवशी बायका तुझं कुंकू पुसायला आल्या तेव्हा तू म्हणालीस, "आता काय पुसता वं बायांनो? माह्या भावानं आंधीच पुसलं." तू बरोबर बोललीस. चादरीवर तुझा कधीच विश्वास बसला नव्हता, मला कळायला हवं होतं.

प्रदर्शनात मिळालेली ढाल मी जूनमध्ये क्लासात परत देऊन आलो. सर म्हणाले, असं का? म्हटलं, घरात जागा नाही. सरांवर माझा राग नाही. त्यांनी ठिपका पाहिला. तो कोणाचा होता ते मला माहीत होतं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी की नाही याचा विचार करावा लागेल, आणि तुला मी पुरेसं करायला लावलं आहे.

वामन


यवतमाळ
गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५
भाऊबीज, संध्याकाळ

ताई,

आज सकाळी तुझ्या घरी जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, ते तुलाच लिहून कळवायचं काय असं तू म्हणशील. पण तिथं मला एकच वाक्य बोलता आलं, म्हणून लिहितो.

मी ओवाळून घ्यायला आलो नव्हतो. भाऊजींचं वर्ष झालेलं नाही, घरात सण नाही, एवढी अक्कल मला आहे. मी चित्र घेऊन आलो होतो. जुन्या चादरीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर धरून बसलो. कंडक्टर म्हणाला, काका, आरसा हाय का? म्हटलं हो, तसंच समज. पिशवीत लाल रंगाची ट्यूब होती, एक बारीक ब्रश आणि बाटलीत जवसाचं तेल. मी ठरवलं होतं की तुझ्यासमोर, तू सांगशील तिथं, सांगशील तेवढं, कुंकू लावायचं. पुन्हा पुसायचं म्हणालीस तर पुसायचं. या वेळी तू सांगणार आणि मी ऐकणार.

निकितानं दार उघडलं आणि खोकली. मला वाटलं, झालं, ताई आंघोळीला गेली. पण तू ओसरीवरच तुरी निवडत बसली होतीस. मान वर केली नाहीस. किती वाळलीस ग. मी तुझ्यासमोर चादर सोडली, चित्र खांबाला टेकवून उभं केलं, रंग काढला. ब्रश तेलात बुडवला. "ताई, कुठं लावू ते सांग," एवढंच बोललो.

तू पहिल्यांदा चित्राकडं पाहिलंस. मग ब्रशकडं. माझ्याकडं नाही. तुरीचे खडे बाजूला काढत राहिलीस आणि म्हणालीस, "नोको लावू. आता बरोबर हाय ते."

अकरा महिन्यांनी तुझं पहिलं वाक्य. मी शिव्या मागितल्या होत्या, त्या यापेक्षा हलक्या असत्या.

मग म्हणालीस, "घेऊन जाय घरी. मले रोज कायले पाहाले लावतं?" मी चादर पुन्हा गुंडाळायला लागलो. गाठ बसेना. तू उठून आत गेलीस आणि मला वाटलं, कडी लागेल. मी चित्र काखेत मारून पायरीपर्यंत आलो होतो.

तू बाहेर आलीस ती करंडा घेऊन. तोच पितळेचा, झाकणावर मोर असलेला. ताट नव्हतं, दिवा नव्हता. निकिता म्हणाली, "आई, यंदा चालते का?" तू तिच्याकडं पाहिलंसही नाहीस. झाकण उघडायला तुला जोर लावावा लागला. मेण घट्ट झालं होतं. तू ते अंगठ्यानं बराच वेळ चोळत राहिलीस, ऊब लागून मऊ होईपर्यंत. मी चित्र काखेत धरून तसाच पायरीवर, डोळे खाली. तुझं बोट माझ्या कपाळाला लागलं आणि मला रडू आलं, खांदे हलायला लागले.

तू म्हणालीस, "हालू नोको."

मी हाललो नाही. आधी मेण, मग कुंकू. तू करंडा बंद केलास आणि ओसरीवर जाऊन पुन्हा तुरी निवडायला बसलीस. जेव म्हणाली नाहीस, ये म्हणाली नाहीस. मी तुझ्या पायांना हात लावायला वाकलो नाही, कारण तू पाय मागं घेतले असतेस तर मला ते सहन झालं नसतं. तो राखून ठेवलेला नमस्कार अजून माझ्याकडंच आहे.

तू मला माफ केलंस असं मी समजत नाही. भावाचं कपाळ सणाच्या दिवशी कोरं पाठवू नये म्हणून लावलंस, तेरवीला मी जेवलो तसं. पण कोऱ्या कपाळानं तू मला पाठवलं नाहीस, आणि मी तुझं तसं साऱ्या जिल्ह्यापुढं टांगलं. या दोहोंत जेवढं अंतर आहे तेवढा मी तुझ्याहून लहान आहे, वयानं आठच वर्षं असलो तरी.

बसमध्ये लोक पाहत होते. घरी आलो, चित्र कपाटामागं भिंतीकडं तोंड करून ठेवलं. ते आता कुठंही जाणार नाही. मग तोंड धुवायला मोरीवर गेलो, आरशात पाहिलं. ताई, अगदी गोल आहे. आरशाशिवाय, डोळ्यांत पाणी असताना, इतक्या महिन्यांनी बोट लावून तू काढलंस आणि रुपयासारखं गोल.

तांब्या भरलेला आहे, टॉवेल खांद्यावर आहे. मी नुसता उभा आहे. आज मला पुसणं जमत नाही.

तुझा
वामन